केळं न पाहिलेल्या मुलीला केळ्याची आठवण कशी येईल?

मुलांसाठीची एक ऐतिहासिक कादंबरी नुकतीच वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतरचं ब्रिटन, साल १९४९, आठ वर्षांची नायिका. नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका पुस्तकापुरता नाहीये.

कादंबरीतली माहिती चुकीची नाही. रेशनची कुपनं आहेत, बॉम्बने पडलेली घरं आहेत, १९४७ च्या हिवाळ्यातली कोळशाची टंचाई आहे. तरी पुस्तक फसलंय. आणि ज्या कारणाने फसलंय, त्याच कारणाने अनेक रिसर्च प्रपोजल्स फसतात.

नायिका सारखी 'पूर्वीच्या' दिवसांसाठी झुरते. केळी, हवी तेवढी चॉकलेटं. आता साधा हिशेब करा. १९४९ मध्ये आठ वर्षांची, म्हणजे जन्म १९४१ चा. ब्रिटनमध्ये केळ्यांची आयात १९४० च्या अखेरीस थांबली आणि पुन्हा सुरू झाली ती थेट १९४५ च्या शेवटी. गोळ्या-चॉकलेटांवर रेशन आलं १९४२ मध्ये, तेव्हा ही बाई नुकती चालायला लागली असणार! हे 'पूर्वीचे दिवस' तिच्या आईचे आहेत. तिच्या लेखी कूपन म्हणजे टंचाई नव्हेच, ती दुकानात जायची रीत आहे.

गंमत म्हणजे खरी गोष्ट त्याच वर्षात पडून होती. एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं. मागणी इतकी उसळली की माल पुरेना, आणि ऑगस्टमध्ये रेशन परत लागू झालं. ते कायमचं गेलं १९५३ मध्ये. म्हणजे या मुलीला समजत्या वयात पहिल्यांदाच कुपनाशिवाय खाऊ मिळाला आणि चार महिन्यांत काढूनही घेतला गेला. कादंबरीत यावर एक वाक्य आहे, तेही पेपर वाचणाऱ्या वडिलांच्या तोंडी.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये 'शिफ्टिंग बेसलाइन' ही कल्पना मांडली. प्रत्येक पिढीतले संशोधक आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला समुद्रात जेवढे मासे होते तेवढे 'नॉर्मल' धरतात आणि घट तिथून मोजतात. कादंबरीत उलटं झालंय, मोठ्यांची बेसलाइन मुलीच्या डोक्यात बसवलीये.

आता तुमचं प्रपोजल काढा. 'विहिरींचं पाणी कमी झालं' असं लिहिलंय? कधीपेक्षा कमी? कोणाच्या मते? सत्तरीतला शेतकरी आणि त्याचा नातू एकाच विहिरीबद्दल वेगळं सांगतील, आणि दोघंही खरंच बोलत असतील. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये वय आणि 'तुम्ही कधीपासून पाहताय' हे दोन रकाने नसतील, तर दोघांच्या उत्तरांची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही.

आणि वय हा एकच घटक नाही बरं का. ब्रिटनमध्ये १९४६ पासून शाळेत सगळ्या मुलांना रोज दूध फुकट मिळू लागलं. ज्या घरात आधी दूध परवडतच नव्हतं, तिथे याच 'टंचाईच्या' काळात मुलांच्या वाट्याला आधीपेक्षा जास्त दूध आलं.

मुलांचं जग मुलांकडूनच ऐकायचं असेल, तर आयोना आणि पीटर ओपी यांचं १९५९ चं 'द लोर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रेन' लायब्ररीत शोधा. हजारो शाळकरी मुलांकडून गोळा केलेली गाणी, चिडवाचिडवी, शपथा. कादंबरीपेक्षा कितीतरी मजेदार आहे.