उल्लुंगदो बेट व तेथील माकुलाची मासेमारी

माकूल हा मऊ अंगाचा, दहा बाहूंचा सागरी प्राणी होय. कोकण किनाऱ्यावरील मुलांनी तो मासळीबाजारात पाहिलेला असतो. पण तो मासा नव्हे. शंखशिंपल्यांच्याच वर्गातील हा प्राणी असून त्याचे कवच पाठीच्या आत पारदर्शक पात्याच्या रूपाने राहिलेले असते. या एका प्राण्यावर एका बेटाचा संसार कसा उभा राहिला, व आज तो का डळमळत आहे, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १३० किलोमीटरांवर उल्लुंगदो हे ज्वालामुखीपासून बनलेले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७३ चौरस किलोमीटर. सपाट जमीन अत्यल्प. १८८२ साली कोरियाच्या राजसत्तेने तेथे वस्ती करण्यास मोकळीक दिली. शेती तोकडी असल्यामुळे पुढे समुद्र हाच रहिवाशांचा मोठा आधार झाला.

माकूल दिवसा खोल पाण्यात राहतो व रात्री भक्ष्याच्या मागे वर येतो. म्हणून नौका सायंकाळी निघतात व दिवे लावून उभ्या राहतात. उजेडाकडे थवे ओढले जातात. मात्र भर उजेडात न येता ते नौकेच्या सावलीत थांबतात. गळास आमिष नसते. त्याच्या टोकास वर वळलेल्या बारीक काट्यांचे कडे असते. दोरी झटके देत ओढली की भक्ष्यच हलल्याचा भास होतो, माकूल त्यास मिठी मारतो आणि अडकतो. दोरी क्षणभर सैल पडली तरी तो निसटतो. पूर्वी हे काम हातांनी चाले. आता बहुतेक नौकांवर यंत्रे आहेत. पहाटे धक्क्यावर स्त्रिया माकूल चिरून, धुऊन, बांबूच्या एकेका काठीवर वीस याप्रमाणे ओवतात व वाऱ्याउन्हात वाळवितात.

आता या व्यवसायाचे मर्म पाहू. या जातीच्या माकुलाचे आयुष्य अवघे एक वर्षाचे. दक्षिणेकडील उबदार पाण्यात अंडी घालून तो मरतो. पिल्ले प्रवाहाबरोबर उत्तरेस जातात व वाढून परततात. जुनी पिढी शिलकीत राहत नाही. यंदा जे वाचतील, त्यांचीच संतती पुढील वर्षी मिळावयाची.

दक्षिण कोरियात २००० साली दोन लाख टनांहून अधिक माकूल मिळाला. २०२३ साली तो सुमारे २३,००० टनांवर आला. समुद्राचे पाणी तापल्याने थव्यांचे मार्ग बदलले, हे एक कारण. दुसरे असे की, २०१७ व २०१८ या दोन वर्षांत चिनी नौकांनी उत्तर कोरियाच्या समुद्रातून १,६०,००० टनांहून अधिक माकूल नेल्याचा अंदाज २०२० साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. उल्लुंगदोच्या मच्छीमारांचे कौशल्य उणे झाले नाही. पण त्यांच्या नौकांपर्यंत माकूलच थोडा पोहोचतो.

शिक्षकांनी नकाशावर हा प्रवासमार्ग काढून दाखवावा व मुलांस विचारावे : जो प्राणी अनेक देशांच्या पाण्यातून जातो, त्याचे रक्षण एकट्या बेटास करता येईल काय? उत्तर सांगून टाकू नये. मुलांस ते शोधू द्यावे.