पांढऱ्या पायाचं जहाज

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायर परगण्यात विकम नावाचं एक टुमदार गाव आहे. मुलगी साऊदम्प्टनला राहते, म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे महिनाभर जाऊन राहिलो होतो. एका रविवारी जावयांनी आम्हाला गाडीत घालून विकमला नेलं. मिऑन नदीच्या काठी एक तीन मजली जुनी पिठाची गिरणी आहे. १९७६ पर्यंत तिथं दळण चालायचं. आम्ही गेलो तेव्हा तिथं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. आमची ही चिनीमातीच्या किटल्या बघण्यात गुंतली आणि मी आपला हात मागं बांधून हिंडत राहिलो. तेवढ्यात जावई म्हणाले, ‘‘बाबा, खाली काय बघताय? वर बघा.’’

वर लाकडाच्या तुळया होत्या. आमच्या कोकणातल्या माजघरातल्या तुळया मला लहानपणापासून परिचयाच्या. पण या काही निराळ्याच होत्या. जाड, लांबलचक, काळपटलेल्या. गिरणीसारख्या साध्या इमारतीला एवढ्या दणकट तुळया कशाला, असा प्रश्न पडावा अशा. उत्तर गिरणीच्या नावातच होतं. तिचं नाव चेसापीक मिल. १८२० साली ती बांधली गेली, ती ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेच्या मोडीतल्या लाकडातून. ज्या फळ्यांवर तोफा सरकल्या आणि माणसं मेली, त्यांच्याच खाली पुढं दीडशे वर्षं गव्हाचं पीठ पडत होतं.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. एखादं खातं बुडीत निघालं की त्याचे जुने कागद उपसून ते नेमकं कुठं बिघडलं हे शोधायची खोड हाडीमाशी भिनली आहे. घरी परतल्यावर या जहाजाचीही ‘फाईल’ मी उघडली. आणि खरं सांगतो, वाचता वाचता एका ठिकाणी मला थांबावं लागलं. ते का, हे पुढं सांगतो.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिच्याकडे आरमार असं उरलंच नव्हतं. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे चाचे तिची व्यापारी जहाजं पकडू लागले, तेव्हा २७ मार्च १७९४ रोजी सहा फ्रिगेट बांधण्याचा कायदा झाला. फ्रिगेट म्हणजे सलग एका डेकवर मुख्य तोफा असलेली, चपळ, शिडाची युद्धनौका. या सहा भावंडांपैकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे जहाज पुढं इतकं भाग्यवान निघालं, की ते बोस्टनच्या बंदरात आजही दिमाखात तरंगतं आहे. ‘चेसापीक’ हे त्यातलं नावडतं पोर. अल्जियर्सशी तह होताच त्याचं काम थांबलं. त्याच्यासाठी आणलेलं लाकूड ‘कॉन्स्टेलेशन’कडे वळवलं गेलं. आराखडा बदलला, आकार आक्रसला. अखेर २ डिसेंबर १७९९ रोजी व्हर्जिनियातल्या गॉसपोर्टच्या गोदीतून ते पाण्यात उतरलं.

सुरुवातीची नोकरी बेताचीच. फ्रान्सशी चाललेल्या अघोषित युद्धात १८०१च्या पहिल्याच दिवशी त्यानं एक फ्रेंच लुटारू जहाज पकडलं. १८०२ मध्ये भूमध्य समुद्रात ते कमोडोर मॉरिसचं मुख्य जहाज होतं. जिब्राल्टरला पोहोचलं तेव्हा त्याची मुख्य डोलकाठी कुजलेली निघाली. परत आल्यावर चार वर्षं ते वॉशिंग्टनच्या गोदीत नुसतं उभं होतं.

मग उजाडला २२ जून १८०७. पुन्हा भूमध्य समुद्राकडे जायला जहाज निघालं होतं. त्यावर कमोडोर जेम्स बॅरन होता. पण जहाज सज्ज करण्याची रोजची जबाबदारी चार्ल्स गॉर्डन या अधिकाऱ्याची होती. निघायची घाई झालेली, तोफांच्या डेकवर सामानसुमान पसरलेलं. किनारा जेमतेम मागं पडतो न पडतो तोच ब्रिटिशांचं पन्नास तोफांचं ‘लेपर्ड’ आडवं आलं. आमचे पळालेले खलाशी तुमच्याकडे आहेत, झडती घेऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. बॅरननं नकार दिला आणि ‘लेपर्ड’नं तोफा डागल्या. दोन्ही देशांत तेव्हा युद्ध नव्हतं, हे लक्षात घ्यावं. ‘चेसापीक’च्या तोफांना बत्ती द्यायला पेटता काकडासुद्धा हाताशी नव्हता. लेफ्टनंट ॲलन यानं स्वयंपाकाच्या चुलीतला निखारा हातानं उचलून आणला आणि एक तोफ उडवली. जहाजाकडून तेवढी एकच. तीन माणसं जागीच गेली, अठरा जखमी झाली, आणि निशाण खाली आलं. ब्रिटिशांनी चौघांना ओढून नेलं. त्यातल्या एकाला हॅलिफॅक्सला फाशी दिलं, एक कैदेत मेला. उरलेले दोघे जुलै १८१२ मध्ये याच जहाजाच्या डेकवर परत आणून सोडले गेले. तोवर दोन्ही देशांत युद्ध सुरू झालं होतं!

देशभर संतापाची लाट उसळली. अशा वेळी कुणीतरी एक दोषी लागतोच. लष्करी न्यायालयानं बॅरनला पाच वर्षं बिनपगारी निलंबित केलं. लढाईचा संभव दिसत असूनही त्यानं जहाज सज्ज केलं नाही, हा ठपका. गॉर्डनचं किरकोळ कानउघाडणीवर भागलं. न्यायाधीशांमध्ये स्टीफन डिकेटर होता. त्याचं मत आधीच बॅरनच्या विरुद्ध होतं, म्हणून मला या कामातून वगळा अशी विनंती त्यानं स्वतःच केली होती. ती कुणी मानली नाही. हे वैर तेरा वर्षं धुमसलं. २२ मार्च १८२० रोजी ब्लेडन्सबर्गला दोघांचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं. दोघांनाही गोळ्या लागल्या. बॅरन वाचला. डिकेटर, देशाचा लाडका वीर, त्याच रात्री गेला.

त्या २२ जूननंतर खलाशांत बोललं जाऊ लागलं, की हे जहाजच अपशकुनी आहे. आपल्याकडे म्हणतात तसं, पांढऱ्या पायाचं.

१८१३च्या मे महिन्यात बोस्टनमध्ये कॅप्टन जेम्स लॉरेन्सनं या जहाजाचा चार्ज घेतला. आधीचा कॅप्टन इव्हान्स आजारी पडला होता. मागच्या सफरीतल्या लुटीच्या वाट्यावरून खलाशी कुरकुरत होते, कित्येक जण सोडून गेले होते. लॉरेन्सला आपल्या माणसांचे चेहरे ओळखायलाही सवड मिळाली नव्हती. बंदराबाहेर ब्रिटिशांचं ‘शॅनन’ येरझाऱ्या घालत होतं. त्याचा कॅप्टन फिलिप ब्रोक. तो सात वर्षं त्याच जहाजावर होता, तोफांचा सराव जवळजवळ रोज घेणारा, नेम धरायची साधनं पदरच्या पैशानं बसवून घेणारा. त्यानं आव्हानाचं पत्र धाडलं. पण ते हाती पडायच्या आधीच लॉरेन्स १ जून रोजी बाहेर पडला होता. अवघ्या पंधरा मिनिटांत सगळा खेळ आटोपला. दोन्हीकडचे मिळून दोनशेहून अधिक मेले वा जखमी झाले. लॉरेन्स जीवघेणा जखमी झाला. खाली नेताना त्यानं सांगितलं, की जहाज सोडू नका. काही मिनिटांतच जहाज ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. त्याचे ते शब्द निशाणावर शिवून तीनच महिन्यांनी ऑलिव्हर पेरी ईरी सरोवरावर लढला आणि जिंकला. गंमत अशी, की जिंकण्यासाठी त्याला स्वतःचं मोडकळलेलं जहाज सोडून होडीतून दुसऱ्या जहाजावर जावं लागलं! त्या मोडक्या जहाजाचं नावही ‘लॉरेन्स’च.

‘शॅनन’चा आणि आपला एक धागा आहे. ते ज्या ‘लीडा’ वर्गाचं होतं, त्याच वर्गाची एक फ्रिगेट मुंबईच्या गोदीत बांधायचं ठरलं होतं. तिचे नकाशे घेऊन ‘जावा’ नावाचं जहाज निघालं होतं. त्यावर मुंबईचा नियोजित गव्हर्नर थॉमस हिस्लॉपही होता. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलजवळ ‘चेसापीक’च्या भाग्यवान भावंडानं, म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशन’नं, ‘जावा’चा निकाल लावला. हिस्लॉप कैदी झाला आणि वचनावर सुटला. हाच हिस्लॉप डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला आणि जिंकला. नकाशे मात्र पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती फ्रिगेट सागवानात बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ मुंबईच्या पाण्यात उतरली. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीची लढाई झाली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला मुंबईचं ते सागवान अजून शाबूत आहे.

आता मी कुठं थांबलो, ते सांगतो.

‘शॅनन’शी झालेल्या लढाईनंतरही अमेरिकेत कुणीतरी दोषी हवाच होता. लॉरेन्स तर हुतात्मा झालेला. वरचे बहुतेक अधिकारी मेलेले नाहीतर जखमी. सापडला तो विल्यम कॉक्स, नुकताच हंगामी लेफ्टनंट झालेला तरुण. त्याचा गुन्हा काय? ऐन धुमश्चक्रीत त्यानं आपल्या रक्तबंबाळ कप्तानाला आधार देऊन खाली नेलं. म्हणजे त्यानं आपली जागा सोडली. १८१४ मध्ये न्यायालयानं भित्रेपणाचा आरोप मान्य केला नाही. पण कर्तव्यात कसूर केली म्हणून त्याला बडतर्फ केलं. ऐन वेळी ज्याला बिगूल वाजवता आला नाही, त्यालाही शिक्षा झाली. नव्या कप्तानाला अनोळखी माणसं घेऊन बाहेर जायची घाई का झाली, हे आरोपपत्रात कुठं नव्हतं.

हे वाचलं आणि नव्वदच्या दशकातली एक खातेनिहाय चौकशी डोळ्यांसमोर उभी राहिली. तालुक्याच्या गावची आमची एक शाखा अशीच पांढऱ्या पायाची म्हणून बदनाम होती. बदलीची ऑर्डर निघाली की लोक आजारपणाची रजा टाकत. तिथले मॅनेजर एका संध्याकाळी छातीत दुखू लागलं म्हणून इस्पितळात गेले आणि किल्ल्या आल्या एका तरुण ऑफिसरच्या हातात. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार, काउंटरवर ही गर्दी. चौथ्या दिवशी ध्यानात आलं, की तिजोरीत सोनेतारणाची दोन पाकिटं कमी आहेत. ती केव्हा गेली, कुणी नेली, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. त्यानं नेली नव्हती, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आरोप एवढाच होता, की त्यानं न मोजता चार्ज घेतला.

बँकेच्या बाजूनं सादरकर्ता अधिकारी मी होतो. तो म्हणाला, ‘‘साहेब, चाळीस माणसं रांगेत उभी होती, मोजायचं कधी?’’ मी विचारलं, ‘‘मोजून घ्यावं असा नियम आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.’’ तो ‘हो’ म्हणाला. मी ते लिहून घेतलं. त्या शाखेतली दुसऱ्या ऑफिसरची जागा आठ महिने रिकामी होती आणि ती भरा म्हणून गेलेली तीन पत्रं वरच्या कार्यालयात पडून होती. त्यांच्या प्रती माझ्या फायलीत होत्या. आरोपपत्राशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून मी त्या पुढं केल्या नाहीत. त्याच्या दोन वेतनवाढी गेल्या आणि बढती सात वर्षं लांबली. काम चोख केलं म्हणून माझी पाठ थोपटली गेली.

शाखा अपशकुनी नव्हती, तिथं माणसं कमी होती. ‘चेसापीक’चंही तसंच. लाकूड दुसरीकडे वळवलेलं, डोलकाठी कुजलेली, डेकवर अडगळ, माणसं एकमेकांना अनोळखी. यातलं काहीही समुद्रातल्या भुताखेतांनी केलेलं नव्हतं. पण ‘पायगुण’ म्हटलं की वरच्यांची फाईल बंद करता येते, आणि एखादा कॉक्स सापडला की तिच्यावर शिक्काही मारता येतो.

कॉक्सच्या वंशजांनी पाठपुरावा सोडला नाही. १९५२ साली अमेरिकन काँग्रेसनं ठराव केला, अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर सही केली आणि कॉक्सला त्याचं लेफ्टनंटपद परत मिळालं. निकालाला अडतीस वर्षं नव्हे, एकशे अडतीस वर्षं झाली होती. कॉक्सला जाऊनही पाऊणशतक लोटलं होतं.

एवढी वाट बघायला आमच्याजवळ वेळ नाही. जुन्या डायरीतून नंबर शोधून मी त्याला फोन केला. तोही आता निवृत्त आहे. त्यानं मुलांची चौकशी केली, गुडघेदुखीवरचं औषध सांगितलं. शेवटी मीच विषय काढला. म्हणालो, ‘‘ती तीन पत्रं माझ्याकडे होती.’’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, ‘‘मला माहीत होतं साहेब. ती मीच टाईप केली होती.’’

पुढच्या महिन्यात त्याच्या गावी जाणार आहे. ‘या’ म्हणाला आहे.