तुकोबांचें पावशेर तूप

स्वप्न आणि सत्य यांविषयीं मराठी संतकवींनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु बहुतेक ठिकाणीं, प्रपंच स्वप्नासारखा मिथ्या, एवढा दृष्टान्त देऊन कवि पुढें निघून जातो. तुकोबांच्या गुरूपदेशाच्या अभंगाची गोष्ट निराळी आहे. गंगास्नानास जातां वाटेंत सद्गुरु भेटले, त्यांनीं मस्तकावर हात ठेविला, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही परंपरा सांगितली, आपलें नांव बाबाजी म्हणून सांगितलें आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. हें सर्व स्वप्नांत!

आतां मौज पाहा. गुरूंनीं भोजनास पावशेर तूप मागितलें, आणि तें द्यावयाचें शिष्य विसरला. गुरूंनीं निघण्याची त्वरा केली ती या अंतरायामुळेंच कीं काय, ही शंका तुकोबांस जागेपणीं बोचते. आंग्ल कवि कोलरिज यानेंहि ‘कुब्ला खान’ हें काव्य आपणांस निद्रेंत स्फुरलें, असें तें १८१६ सालीं छापतांना सांगितलें. पोरलॉकहून कोणी गृहस्थ कामानिमित्त आला आणि उरलेल्या ओळी विरून गेल्या. त्याची हळहळ हरवलेल्या काव्याची. तुकोबांची न घडलेल्या सेवेची.

अभंगाच्या शेवटीं मिति आहे : माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आमच्या अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ कोरलेला आहे. तो दगडी बांधकामाचा. तुकोबा स्वप्नाची नोंद तितक्याच गांभीर्यानें करितात. फक्त शक देत नाहींत, आणि त्यापायीं संशोधकांनीं बरीच शाई खर्चिली आहे. मला त्या वादांत फारसा रस नाहीं.

हा अभंग शिकवितांना वर्गांतील एका मुलानें विचारिलें होतें, “गुरुजी, स्वप्नांत द्यावयाचें राहिलेलें तूप सकाळीं देतां येईल का?” वर्ग हंसला, मीहि हंसलों आणि ‘स्वप्नांतलें देणें कसलें?’ असें म्हणून त्यास खालीं बसविलें. आज वाटतें, अभंगाचें मर्म त्या मुलासच उमगलें होतें. मस्तकावरचा हात खरा, मंत्र खरा. मग तुपाचें देणेंहि खरेंच. एक पदरांत घ्यावें आणि दुसरें स्वप्न म्हणून सोडून द्यावें, ही सवलत तुकोबा स्वतःस घेत नाहींत. तो मुलगा पुढें कोठें गेला, मला ठाऊक नाहीं. त्यास हें उत्तर द्यावयाचें राहून गेलें.