पेशींमधील उंबरठा

मनुष्याच्या पचनमार्गाचे आतील अस्तर पूर्णपणे उलगडून पसरले, तर ते सुमारे 30 चौरस मीटर भरेल. एवढ्या विस्तारात आतड्याच्या पृष्ठभागावर पेशींचा केवळ एकेरी थर असतो. त्याच्या एका बाजूस अन्न, पाचकरस आणि असंख्य जीवाणू, तर दुसऱ्या बाजूस रक्ताचा प्रवाह. पेशीच्या आतून जाणारा पदार्थ पेशी स्वतः पारखून घेते. परंतु शेजारशेजारच्या दोन पेशींमधील फटीची राखण कोण करते?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात 1963 मध्ये झाली. मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पालाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले, की पेशींच्या वरच्या कडेला शेजारी पेशींची आवरणे एकमेकींना पूर्णपणे भिडलेली असतात. हेच ‘टाइट जंक्शन’, म्हणजे घट्ट सांधे. ते कोणत्या द्रव्याने सांधले जातात, हे मात्र पुढे तीस वर्षे गूढच राहिले. 1993 मध्ये जपानी शास्त्रज्ञ शोइचिरो त्सुकिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑक्लुडिन’ हे प्रथिन शोधले. शोध पूर्ण झाला असे वाटत असतानाच ऑक्लुडिन नसलेल्या पेशीही असे सांधे तयार करतात, हे आढळले. स्वतःचेच उत्तर अपुरे आहे हे मान्य करून त्यांनी पुन्हा शोध घेतला आणि 1998 मध्ये ‘क्लॉडिन’ हाती लागले. लॅटिन भाषेतील ‘बंद करणे’ या क्रियापदावरून हे नाव दिले गेले.

क्लॉडिनचे वीसहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. विशेष हे, की नाव बंद करण्याचे असले तरी त्यांतील काही प्रथिने वाट मोकळी करण्याचेही काम करतात. क्लॉडिन-2 सोडियम आणि पाणी यांना जाऊ देते. मूत्रपिंडातील क्लॉडिन-16 मॅग्नेशियम आणि कॅल्शियम रक्तात परत येण्यास साहाय्य करते. हे प्रथिन जन्मतः सदोष असेल, तर ही खनिजे मूत्रावाटे वाहून जातात, मूत्रपिंडात कॅल्शियम साचते आणि कित्येक रुग्णांची मूत्रपिंडे तरुणपणीच निकामी होतात. क्लॉडिन-14 मधील दोषाने बालकास बहिरेपणा येतो. माता आणि पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच हे विकार प्रकट होतात. म्हणूनच नात्यातील विवाहांत त्यांची शक्यता वाढते. ज्या घरांत मामा-भाचीचे किंवा आते-मामे भावंडांचे विवाह होत आले आहेत, तेथे सोयरीक ठरविण्यापूर्वी आनुवंशिकता-तज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

आतड्याच्या दीर्घकालीन विकारांतही हे सांधे सैल झालेले दिसतात. क्रोन व्याधीत सुजलेल्या आतड्यात क्लॉडिन-2 वाढते. सीलिएक विकारात गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराची हानी होते. मात्र सांधे सैल झाल्याने रोग होतो, की रोगाच्या दाहाने सांधे सैल होतात, याचा निवाडा प्रत्येक विकारात वेगळा करावा लागतो. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात.

नेमक्या याच अनिश्चिततेवर एक बाजार उभा राहिला आहे. ‘गळके आतडे’ असे नाव देऊन थकवा, सांधेदुखी, त्वचेचे विकार अशा सर्व तक्रारी त्याच्या माथी मारल्या जातात आणि महागड्या चाचण्या व चूर्णे विकली जातात. सांधे सैल करणारे ‘झोन्युलिन’ मोजण्याच्या काही प्रचलित चाचण्या प्रत्यक्षात निराळीच प्रथिने मोजतात, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. सीलिएक रुग्णांसाठी सांधे घट्ट करण्याच्या हेतूने तयार केलेल्या लाराझोटाइड या औषधाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणीही 2022 मध्ये मध्येच थांबवावी लागली. वर्षानुवर्षांच्या संशोधनाला जे साधले नाही, ते एखादी पुडी साधेल हा दावा पारखूनच घ्यावा. माल न पाहता हुंडी लिहून देणे कोणत्याही पेढीला परवडत नाही.

मग घरी काय करावे? पोट वारंवार बिघडत असेल, मुलाची वाढ खुंटली असेल किंवा रक्त वाढत नसेल, तर स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये. गहू आहारात असतानाच सीलिएकची रक्तचाचणी करावी. आधी बंद केल्यास निदान चुकू शकते. निदान पक्के झाले, की गहू, रवा, मैदा आणि सातू कायमचे वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ व डाळी यांना मात्र अडचण नाही, फक्त दळणात गव्हाची मिसळ होऊ देऊ नये. काही वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याची पारगम्यता वाढते, म्हणून त्या वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेऊ नयेत. डाळी व भाज्यांतील तंतूंपासून आतड्यातील जीवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि ते या अस्तराचे पोषण करते.

उंबरठा पूर्ण बुजवला तर घर चालत नाही आणि मोडून टाकला तर घर राहत नाही. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, याची निवड या सूक्ष्म सांध्यांत क्षणोक्षणी चालू असते. तिचे रक्षण करावयाचे, तर औषधापूर्वी योग्य निदान हवे.