रंगाआधी भिंत

पावसाळा ओसरला, की मोरिवली-अंबरनाथ परिसरातील घरोघरी दिवाळीपूर्वी रंगकामाचे बेत सुरू होतात. रंगछटा निवडण्यात सारे कुटुंब रमते. भिंतीची प्रकृती मात्र क्वचितच पाहिली जाते. चार महिने पावसाचा मारा सोसलेल्या बाहेरील भिंतीत ओल मुरलेली असते. तिच्यावर वॉलपेपर चिकटवला, तर आत बुरशी वाढते आणि घरातील दमेकरी व बालके यांना तिचा त्रास होतो.

परीक्षा सोपी आहे. फूटभर चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून एक दिवस ठेवावे. आतून पाणी धरल्यास प्रथम गळती व भेगा बुजवाव्यात, भिंत वाळू द्यावी; मगच पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत.

वॉलपेपरसाठी कोरडी, आतली एकच भिंत निवडावी. २१ इंच रुंद, ३३ फूट लांब असा एक रोल सुमारे ५७ चौरस फूट भरतो; १० फूट रुंद, ९ फूट उंच भिंतीस दोन रोल पुरतात.

दारे-खिडक्यांचा जुना तैलरंग काढताना विशेष सावधगिरी हवी. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात ते जास्त असू शकते आणि त्याची धूळ बालकांच्या मेंदूस घातक ठरते. म्हणून तो कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि तोवर मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे.

घराची शोभा आरोग्याशी तडजोड करून साधू नये.