नदीचा काठ आणि कामगाराचे घर

‘नदीकाठ मोकळा ठेवा, तेथे बागा राखा’, असे कोणी म्हणाले की कामगारवस्तीतून हटकून प्रश्न येतो : ‘झाडांना जागा आहे, मग माणसांना का नाही?’ हा प्रश्न आम्हीही अनेक सभांतून विचारला आणि त्यावर टाळ्या घेतल्या. आज त्याचेच उत्तर द्यावयाचे आहे.

आपली मुठा पाहा. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि त्यांच्याखाली खडकवासला, अशी चार धरणे तिच्या खोऱ्यात आहेत. उन्हाळ्यात तिचे पात्र ओढ्याएवढे दिसते, म्हणून काठची जमीन पडीक वाटते. पण ती पडीक नव्हे. ती पावसाळ्यातली नदीच होय. धरणे भरली की पाणी सोडावेच लागते, आणि ते याच जमिनीवर पसरते. बाग दोन दिवस पाण्याखाली गेली तर गाळ काढून पुन्हा उभी राहते. घर बुडाले तर संसार बुडतो. भराव घालून पात्र आवळले, तर पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या दारात चढते.

सरकारी नकाशावर नदीच्या दोन पूररेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की २५ वर्षे निश्चिंती, असे नव्हे. दर वर्षी शंभरात चार एवढी त्याची शक्यता असते. आता कामगाराचा हिशेब करा. घराचे कर्ज २० वर्षांचे. तेवढ्या काळात निळ्या रेषेवरच्या घरात निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता निम्म्याहून अधिक!

हा हिशेब आम्हाला उशिरा कळला. आमच्या काही सभासदांनी नदीकाठी स्वस्तात घरे घेतली, तेव्हा आम्हीच पुढे होऊन शिफारस केली होती. विकणाऱ्याने पूररेषा दाखविली नाही आणि आम्ही विचारली नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा त्या घरांतही शिरले. भिजलेल्या गाद्या उन्हात टाकणाऱ्या बायकांपुढे आम्हाला बोलावयास शब्द सुचला नाही. स्वस्त जमीन स्वस्त का असते, हे त्या दिवशी समजले.

म्हणून काय काठावरच्या झोपड्या उद्याच उठवावयाच्या? मुळीच नाही. गरीब माणूस हौसेने पुरात राहत नाही. कामाजवळ दुसरी जागा परवडत नाही म्हणून राहतो. त्याला आधी कामाजवळ घर द्यावे, मगच काठ मोकळा करावा. १९६१ साली पानशेत फुटल्यावर घरे गेलेल्यांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती याच शहराने नदीपासून दूर वसविल्या होत्या. तेव्हा जे जमले, ते आज अशक्य का असावे? बंद कारखान्यांच्या जमिनींवर मनोरे उठतात. त्यांत कामगारांच्या घरांचा वाटा मागणे हे आमचे काम आहे.

आणि झोपडी हलवून मोकळी केलेली जागा बंगल्याला वा वाहनतळाला देऊ नये. ती बागच राहावी आणि तिला फाटक नसावे. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, त्यांना संध्याकाळी बसावयास दुसरे अंगण कोठे आहे?

तात्पर्य, झाड आणि माणूस यांचे भांडण नाही. घर घेण्यापूर्वी नकाशा मागा, निळी रेषा कोठे आहे ते विचारा. आम्ही विचारले नाही, ती चूक आपण करू नये.