जेवण मिळेल, खोलीचं बघू

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला टेकले. डब्यात शेजारी कोण बसेल, हे ठरवणं प्रवाशाच्या हातात उरलं नाही. पंगतीत शेजारी कोण, हे मात्र जातच ठरवत राहिली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, तिथे सामान्यांची काय कथा!

ही सोवळ्याची गाठ पुढे सैल केली ती गल्ल्याने. ठाण्याच्या मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीने त्या कचेरीचंच नाव लावलं. कचेरीत आलेला पक्षकार असो की कॉलेजचं पोरगं, बाकावर जागा दिसली की सरकून बसायचं, तर्रीत पाव बुडवायचा, पैसे द्यायचे आणि उठायचं. आडनाव कुणी विचारत नाही. कल्याणच्या खिडकी वड्याचं गिऱ्हाईक तर रस्त्यावरच उभं असतं. घराच्या खिडकीतून वडा बाहेर येतो.

डोंबिवलीत हाच व्यवहार बायकांच्या कामी आला. सात-साडेसातच्या लोकलने दमून उतरलेली बाई पोळीभाजी केंद्रातून चार घडीच्या पोळ्या आणि पाव किलो भाजी घेते, तेव्हा तिचा कणीक मळण्याचा तास वाचतो आणि पोळ्या लाटणाऱ्या दुसरीच्या हातात स्वतःचे पैसे येतात. घरच्या पोळीची सर नाही, हे बहुधा पोळी न लाटणारेच सांगतात.

मुक्कामाची गोष्ट वेगळी. खाणारा अर्ध्या तासात उठून जातो. राहणाऱ्याचं नाव नोंदवहीत चढतं. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना, अस्पृश्याला हॉटेलात थारा नसल्याने, पारशी नाव लावून पारशांच्या सराईत उतरावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना जागा सोडायला लावली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. सीताराम केशव बोले यांच्या मुंबई कायदेमंडळातल्या १९२३ च्या ठरावात अस्पृश्यांना खुल्या करायच्या, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरींबरोबर धर्मशाळाही होत्या, त्या उगाच नाहीत. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत धर्म, जात, लिंग यांवरून मज्जाव करायला बंदी घातली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने अस्पृश्यतेवरून केलेला मज्जाव हा गुन्हा ठरवला.

तरी काउंटरवरची चौकशी संपली नाही; ती नात्याकडे वळली. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतलं. सज्ञान माणसांनी खोली घेणं हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नव्हता. ओळखपत्र मागणं सुरक्षेसाठी समजू शकतं. पण ‘एकट्याच आहात?’, ‘हे तुमचे कोण?’ हे प्रश्न सुरक्षेचे नसून पाळतीचे आहेत. शेजारी बसून मिसळ खाण्याचा हक्क आपण पचवला. दार आतून लावून घेण्याचा हक्क अजून घशाखाली उतरलेला नाही.